अडतीस उंबरठे

मंगळवारी सकाळी साडेअकराला शहर बुडालं, आणि सभागृहात बसलेल्या चौदा माणसांपैकी तेरा जणांना बरं वाटलं. बुडालं ते पडद्यावरचं. शहरातलं प्रत्येक घर, गटार, पूल, विजेचा खांब ज्यात मापासकट उभा आहे असं एक दुसरं शहर नगररचना खात्याने सात वर्षं खपून संगणकात उभं केलं होतं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण खात्यात सगळे त्याला नुसतं 'जुळं' म्हणत. जुळ्यावर पाऊस पाडायचा, धरण फोडायचं, जमीन हलवायची, आणि कोण बुडतं कोण तरतं ते बघून खऱ्या शहरात भिंती, पंप नि निवारे कुठे बांधायचे ते ठरवायचं, असा सगळा कारभार. त्या दिवशी शंभर वर्षांतून एकदा पडतो तसला पाऊस पाडला होता. नदीकाठची घरं हिरव्याची पिवळी झाली, पिवळ्याची लाल झाली, आणि बघता बघता सगळा सखल भाग लाल होऊन बसला. मधोमध एक गल्ली मात्र हिरवीगार राहिली. मुख्य अभियंता, म्हणजे साहेब, खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले आणि त्या गल्लीवर बोट ठेवून म्हणाले, "ही बघा. चहूकडे पाणी आणि ही कोरडी. इथे शाळा आहे ना? मग झालं तर. निवारा इथेच. किती माणसं मावतील?" कुणीतरी अकराशे म्हणालं. साहेब म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." चौदावा माणूस शेवटच्या खुर्चीवर बसला होता. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं त्याला झालं. त्याने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, आणि प्यायचं विसरून परत ठेवला.

खात्यात त्याला फूटपट्टी म्हणत. चोपन्न वर्षांचा, नाकासमोर चालणारा माणूस; कॅन्टीनचं नवं टेबल डुगडुगतं म्हटल्यावर चारही पाय मोजून 'सहा मिलिमीटर' असं सांगून चहा प्यायला बसणारा. नाव पडलं ते तेव्हापासून. कुणी चिडवलं तर तो हसायचा, कारण मनातून त्याला ते आवडायचं. जुळ्याचे उंबरठे त्याचे होते. जमिनीची उंची विमानातून घेता येते, छपरांची घेता येते, पण विमानाला दारातून आत डोकावता येत नाही. रस्त्यापासून घराची जमीन किती वर आहे, हे माणसानेच दारोदार जाऊन मोजायचं. पाच वर्षांपूर्वी त्याने सोळा महिने हेच केलं होतं. अकरा हजार दोनशे सहा दारं. कुत्री अंगावर आली, म्हाताऱ्या बायकांनी पाणी दिलं, एका माणसाने कर वाढवायला आला समजून पट्टीच हिसकावून घेतली. सगळ्या गल्ल्या झाल्या आणि एक राहिली. आज करू, उद्या करू, करता करता शेवटची तारीख आली. तेव्हा एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, त्याने आपल्या टेबलाशी बसून त्या गल्लीतल्या अडतीस घरांचे अडतीस आकडे लिहून टाकले. एक पायरी पंधरा सेंटिमीटर, तीन पायऱ्या, पंचेचाळीस. कुठे त्रेचाळीस, कुठे सत्तेचाळीस, म्हणजे खरं वाटावं. त्यातल्याच शाळेला साठ दिले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या गल्लीत तो लहानाचा मोठा झाला होता, आणि सोळाव्या दारात त्याचा थोरला भाऊ राहत होता.

टेबलाशी परत आल्यावर त्याने ते अडतीस आकडे पडद्यावर काढले. इतर आकड्यांसारखेच दिसत होते, हेच वाईट होतं. खोट्या आकड्याला वास येत नाही. जुळं रस्त्याची उंची विमानाकडून घ्यायचं आणि त्यावर त्याचे पंचेचाळीस रचायचं. खऱ्या शहरात पूर्वी दहा-बारा वर्षांनी, आणि अलीकडे दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, जुना न खरवडता. रस्ता वर येतो, घरं होती तिथेच राहतात, आणि पायऱ्या एकेक करून डांबरात जातात. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. दुसऱ्या गल्ल्यांमधून त्याने स्वतः शेकडो ठिकाणी शून्य लिहिलं होतं, उणे वीस लिहिलं होतं. शेवटचा तो त्या घरी गेला तेव्हासुद्धा एकच पायरी उरली होती, तीही निम्मी. तरी हात गेला तो तिनावर. तीन पायऱ्या: वरची, जिच्यावरून तो दप्तरासकट उडी मारायचा, मधली, जिच्यावर आई सूप घेऊन निवडत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, खालची, जिचा कोपरा दादाच्या सायकलने उडवला होता. त्या दुपारी त्याला आपण खोटं लिहितोय असं वाटलंच नाही. उलट बरं वाटलं होतं. आता जुळ्यात रस्ता वर आला होता आणि त्याच्याबरोबर ती अडतीस घरंही वर उचलली गेली होती, पायऱ्यांसकट, पन्नास वर्षांपूर्वीची. सगळ्या शहरात तेवढीच एक गल्ली त्याच्या लहानपणातली, आणि तीच कोरडी राहिली होती. साहेब अकराशे माणसं तिथे नेऊन बसवणार होते.

जुळं चालवणारी मुलगी पलीकडच्या टेबलावर बसायची. हुशार, तोंडाने फटकळ, आणि कामाला वाघ. तिने खुर्ची फिरवून विचारलं, "काका, त्या गल्लीचे आकडे तुम्ही मोजलेले ना?"

"का गं?"

"सगळी घरं एकसारखी आहेत. असं कुठे नसतं. मला वाटलं, आकडे मिळाले नसतील तेव्हा प्रोग्रामनेच भरले की काय."

"जुनी वस्ती आहे. एकाच गवंड्याने बांधलेली."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी दाखल्यावर तुमचीच सही लागेल. उंबरठे प्रत्यक्ष मोजले म्हणून."

गवंड्याची गोष्ट खरी होती, त्यामुळे ती अगदी सहज तोंडातून निघाली. मग तो उठून बाहेर गॅलरीत गेला आणि कठड्याला हात टेकून उभा राहिला. झाकली मूठ झाकलेलीच ठेवता येत होती. शंभर वर्षांतून एकदाचा पाऊस. तो यायचा तेव्हा येईल, तोवर फूटपट्टी निवृत्त होऊन कुठे असेल कोण जाणे. पण असला हिशेब करताना त्याला स्वतःचीच शिसारी आली. अकराशे माणसं हा आकडा असतो तोवर काही वाटत नाही. त्याने त्यांना शाळेच्या सभागृहात रांगेने बसवून पाहिलं, अंथरुणं, पाण्याच्या बाटल्या, औषधाच्या पिशव्या घेऊन, आणि मग पाणी आत सोडलं. त्यात त्याला ओळखीचे चेहरे दिसायला लागले तेव्हा त्याने डोळे उघडले. खाली आवारात माळी नळी धरून उभा होता. चौथ्या मजल्यावर तक्रारींचा विभाग होता. त्या गल्लीतून दरवर्षी पाणी शिरल्याच्या तक्रारी येत असणारच, पण त्या चौथ्या मजल्यावर, आणि जुळं दुसऱ्या. दोन मजल्यांमध्ये कागद फिरत नाही; फिरला तर दोन सह्या लागतात.

तो त्या घरी का जात नव्हता, याला कारण म्हणावं असं काही नव्हतं. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही. आई आठ वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती दादाकडे. वहिनीने तिचं सगळं केलं. हा रविवारी जायचा. फळं न्यायचा, खुर्ची ओढून तासभर बसायचा, 'कसं काय आई' म्हणायचा, आणि घड्याळ बघून निघायचा. एका रविवारी वहिनी चादर बदलत होती. आईला कुशीवर वळवून धरायला तिने याला हाक मारली, आणि हा अवघडून दारातच उभा राहिला. आई कपड्यात नव्हती म्हणून, की तिच्या पाठीवरची जखम दिसली म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. वहिनीने एकटीनेच वळवलं. मग चहाचा कप पुढे ठेवताना ती शांतपणे म्हणाली, "भावजी, पाहुण्यासारखं येऊ नका. त्यापेक्षा नाही आलात तरी चालेल." त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, रागावलेला माणूस चार दिवसांनी परत येतो. पण ते खरं होतं. म्हणून पुढच्या रविवारी तो गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मग इतके रविवार साठले की आता कुठल्या तोंडाने जायचं, असं झालं. पाचव्या महिन्यात आई गेली. तो गेला, चार माणसांत बसला, दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली. लग्नाकार्यात दोघे भेटत, तब्येतीचं बोलत, एकमेकांना जेवायचा आग्रह करत. तुसडेपणा कुणीच केला नव्हता. केला असता तर त्यावर बोट तरी ठेवता आलं असतं.

बायकोला त्याने त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपत नाही आणि लपवलं तर जास्त महागात पडतं. ती भाजी चिरत होती. ऐकून घेऊन म्हणाली, "अकरा हजार दारं मोजलीत आणि एका दाराला घाबरलात."

"अडतीस."

"एकच. बाकीची सदतीस त्याच्या संगतीनं राहिली." तिने विळी आडवी केली. "नोकरी जाईल का?"

"जाणार नाही. बढती अडकेल. नाव जाईल."

"फूटपट्टी?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "मोजून या. दादांकडे जायला तुम्हाला पूर यावा लागला, आता आलाय तर जा."

खरं मोजलं तर काय होणार हे मात्र त्याने तिला सांगितलं नाही. जुळ्याचा नियम सोपा होता. घरात गुडघ्याच्या वर पाणी येत असेल तर ते घर धोक्याच्या यादीत. सगळी गल्लीच यादीत आली तर गल्ली उठवायची, माणसांना दुसरीकडे घरं द्यायची, आणि मोकळ्या जागेत पाणी साठायला तळं करायचं. योजना चांगली होती. त्या नियमाच्या मसुद्यावर त्याचीही सही होती. म्हणजे अकरा वर्षांनी भावाच्या दारात जायचं ते त्याचं घर उठवायला. आकडा खोटा ठेवावा तर अकराशे परकी माणसं; खरा लिहावा तर दादा, वहिनी, ती खोली जिथे आई गेली. आडात पडा नाहीतर विहिरीत. आणि यातलं काहीही त्या पाच मिनिटांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

गुरुवारी त्याने मदतनीस नको म्हणून सांगितलं आणि उंची मोजायची लेव्हलची दुर्बीण, तिवई नि घडीची पट्टी रिक्षात घालून एकटाच गेला. साक्षीदार नको होता. ही चूकच होती, कारण लेव्हल एकट्याने करता येत नाही. एकाने दुर्बिणीतून बघायचं तर दुसऱ्याने समोर पट्टी उभी धरावी लागते. तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला हे गल्लीच्या तोंडाशी, तिवईचे पाय जमिनीत रोवल्यावर आठवलं. दुपारचे चार वाजले होते. गल्ली त्याला बुटकी वाटली. माणूस मोठा झाला की लहानपणची जागा लहान वाटते असं म्हणतात, पण इथे तसं काही नव्हतं. गल्ली खरंच बुटकी झाली होती. दारांच्या चौकटी रस्त्यात रुतल्या होत्या, खिडक्यांचे गज माणसाच्या गुडघ्याशी आले होते, आणि रस्त्यावरून चालताना लोकांच्या पलंगाखालचं दिसत होतं. पायऱ्या होत्या, पण आतल्या बाजूला. रस्त्यावरून घरात उतरायला. सोळाव्या दारापाशी दादा लोखंडी स्टूल घेऊन बसला होता आणि पंख्याचं पातं पुसत होता. आयुष्यभर बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, हात रिकामे ठेवणं त्याला जमत नसे. त्याने वर पाहिलं.

"मोजायला आलास होय," दादा म्हणाला. जणू परवाच भेटले होते.

"हो."

"मग एकट्याने कसं करणार? आत ये आधी. जपून, दोन पायऱ्या आहेत खाली."

तो उतरला. आत सगळं जमिनीपासून वर होतं. पलंगाच्या पायांखाली चार-चार विटा, फ्रिज दादाने स्वतः जोडलेल्या लोखंडी घोड्यावर, विजेची बटणं छातीइतक्या उंचीवर नेलेली. दारात आडवी फळी बसवायला खाच होती. वहिनीने त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि गॅसवर चहाचं भांडं ठेवलं. केस सगळे पिकले होते तिचे. आईची खाट होती तिथे आता कपाट होतं, तेही विटांवर. त्याला बसवेना. पण वहिनीने खुर्ची पुढे केली तेव्हा बसावंच लागलं.

"आमची गल्ली म्हणे तुमच्या त्या कॉम्प्युटरात आहे," दादा म्हणाला.

"आहे."

"कशी आहे?"

"कोरडी."

दादाने पातं बाजूला ठेवलं. "मग आम्ही तिथेच राहायला जातो."

वहिनी हसली नाही. तिने कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "कोरडी कशी? गेल्या वर्षी दोनदा पाणी उपसलं."

मग त्याने सांगितलं. आपण आलोच नव्हतो. तीन पायऱ्या समजून टेबलाशी बसून लिहिलं. आणि त्या आकड्यावर शाळेत निवारा होणार आहे. बोलताना त्याचा आवाज कार्यालयातला होता, अहवाल वाचल्यासारखा, आणि तो तसा आहे हे त्याला कळत होतं, पण दुसरा आवाज सापडत नव्हता. खरा आकडा लिहिला तर गल्ली उठेल हेही त्याने त्याच आवाजात सांगितलं. दादा ऐकत होता. वहिनी ओट्याला टेकून उभी होती.

"आणि नाही लिहिला तर?" तिने विचारलं.

"तर मोठ्या पुरात अकराशे माणसं त्या शाळेत असतील."

"पाणी किती?"

"कमरेच्या वर."

"आई असत्या तर त्यांनाही तिथेच नेलं असतं आपण," वहिनी म्हणाली. "खाटेसकट." तिने रिकामं भांडं मोरीत ठेवलं आणि नळ सोडला.

दादाने चहा संपवला. कप खाली ठेवून विचारलं, "किती पायऱ्या लिहिल्या होत्यास?"

"तीन."

"चार होत्या. सगळ्यात खालची तू रांगत होतास तेव्हा गेली. पहिला थर पडला तो तेव्हा." तो गुडघ्यावर हात दाबत उठला. "तुझी आठवणसुद्धा एका पायरीने कमीच की रे. चल, पट्टी कशी धरायची ते दाखव."

"दादा, घर जाईल."

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून." दादाने पट्टी हातात घेतली आणि वजन अजमावलं. "दहा वर्षं विटांवर राहतोय आम्ही. तिला विचार, दर पावसात रात्रभर कोण जागतं ते. घर जाईल म्हणजे वाईट वाटेल. वाटू दे. इथेच जन्म गेला, वाटणारच. पण त्यासाठी परक्याची माणसं बुडवायची असं काही आईने शिकवलेलं मला आठवत नाही."

तो बाहेर येऊन, तिवई दारासमोर आणून दुर्बिणीशी वाकला. आधी दादाने रस्त्यावर पट्टी धरली: एक मीटर तीस. मग दादा खाली आत उतरला. छत लागत होतं म्हणून पट्टी अर्धीच उघडावी लागली. दाराच्या चौकटीत, घराच्या अंधारात पांढरी पट्टी आणि ती दोन्ही हातांनी धरलेला म्हातारा, एवढंच काचेत दिसत होतं. पट्टी जरा कलत होती. "उजवीकडे घे," तो म्हणाला. "अजून थोडी. बस." दादा श्वास रोखून उभा राहिला; लहानपणी फोटो काढून घेताना उभा राहायचा तसाच, आणि हे बघताना काचेतले आकडे पुसट झाले. त्याने डोळा पुसला. परत लावला. एक मीटर ब्याऐंशी. आत जमीन रस्त्याच्या बावन्न सेंटिमीटर खाली. साध्या वजाबाकीला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"किती आला?" आतून दादाने विचारलं.

"उणे बावन्न."

"लिही."

छापील नमुन्यात वरच्या बाजूला एक रकाना होता, आधीच्या मोजणीची तारीख. त्याने तिथे 'आधी मोजणी झाली नव्हती, आकडे मी अंदाजाने भरले होते' असं लिहिलं, खाली सही केली आणि पूर्ण नाव घातलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. शुक्रवारी हा कागद साहेबांच्या टेबलावर जाईल, पलीकडची मुलगी तो वाचून त्याच्याकडे बघेल, आणि पुन्हा पडद्यावर पाऊस पडेल तेव्हा त्या तेरा जणांपैकी कुणालाही बरं वाटणार नाही. हे सगळं त्याला दिसत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. मग सोळाव्या घरापुढे त्याने उणे बावन्न लिहिलं. अजून सदतीस दारं राहिली होती आणि उजेड तासा-दीड तासाचा. मदतनीसाला फोन करावा म्हणून त्याने खिशात हात घातला, तोवर दादा पट्टी खांद्यावर टाकून बाहेर आला होता आणि शेजारच्या दाराची कडी वाजवत होता. आतून कुणीतरी बाई 'कोण आहे' म्हणाली.

"मीच आहे," दादा म्हणाला. "दार उघडा जरा. माझा भाऊ आलाय."